कच्चा रंग

होटगी रोडला, परवापर्यंत जिथं टाइल्सचं गोडाऊन होतं,
तिथं कुंडीत जैतुनाचं झाड.
खरं की प्लास्टिकचं? नायनांनी पान चुरगाळून पाहिलं.
खरं निघालं. ते जरा नाराज झाले.

बाहेर त्रेचाळीस. आत एवढा गारठा
की वेटरच्या अंगात काळा कोट.
मेनू जाड पुठ्ठ्याचा, शेड-कार्डासारखा.
नायना तो दिव्याखाली धरतात,
आधी कागद चोळतात, मग नावं वाचतात,
मग उजवीकडच्या आकड्यांवर अंगठा ठेवून
म्हणतात, "तू सांग."

माझ्या बढतीचं जेवण. आणि मी तीन दिवस काळजीत.
काट्याची, चाकूची.
डावा कुठला, उजवा कुठला, व्हिडिओ बघून ठेवलेला;
त्यांना न दुखवता तो कसा सांगायचा
याची दोन वाक्यं रिक्षात पाठ केलेली.

पास्ता आला.
"ही लडी कुणी गुंतवली?" एवढंच म्हणाले.

मग तो काळ्या कोटातला, बिल्ल्यावर देविदास:
"लॅम्ब स्टेक कसं हवं, सर?
रेअर, मीडियम, वेल-डन?"
"फरक काय?"
"आतल्या लालीचा, सर."

नायनांनी चष्मा काढून पुसला.
रंगाईखान्यात चौतीस वर्षं मास्टर असलेल्या माणसाला
अखेर कुणीतरी
त्याच्या विषयातलं विचारलं होतं.
"लाली कंची पण? डाळिंबी, का विटकरी,
का काढ्यातनं आत्ता काढल्यासारखी?"
पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.
"मधली आण," नायना म्हणाले. "पण सुटाया नको."

सुटली.
पहिल्या कापालाच पांढऱ्या ताटलीत तांबूस ओघळ.
त्यांनी नॅपकिनचं टोक त्यात टेकवलं,
दोन बोटांत दाबलं, चोळलं, दिव्याकडे धरलं.
शेजारच्या टेबलावरच्या बाई घास थांबवून बघत होत्या.
"सुटलालाय की गं," नायना म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
"आमच्याकडं असता तर अख्खा लॉट परत."

आणि तेव्हा कुठं मला दिसलं:
काटा डाव्या हातात, चाकू उजव्या,
मनगट सैल, कोपर आत,
घास नेमका, ना आवाज, ना सांडलवंड.

लग्नाच्या पंगतीत खिशातून स्टीलचा चमचा काढणारा माझा बाप.
"मेरगूचा साहेब झाला बे," लोक हसायचे.
मी पत्रावळीतल्या मिठाकडे बघत बसायचे.
शाळेत असताना एकदा
मी तो चमचा चुलीमागे लपवून ठेवला होता.
त्या दिवशी ते लग्नातून उपाशी आले,
चप्पल काढता काढता म्हणाले, पोट बरं नाही.

नखांत लाल, रेषांत निळा.
रॉकेलनं जात नसे, लिंबानं जात नसे.
आईनं फार पुढं कधीतरी सांगितलं,
तेही भांडणात:
तू दीड वर्षाची, ह्यांनी भरवला दहीभात,
तो गुलाबी झाला, तू मिटक्या मारत खाल्लास,
मी ताटली हिसकून मोरीत ओतली.
दुसऱ्या दिवशी हे मधल्या मारुतीवरनं
चमचा घेऊन आले.

रंगाईखाना बंद पडून सहा वर्षं झाली.
कधी परतला त्यांच्या बोटांना बोटांचा रंग,
मी बघितलंच नव्हतं.
पाठ केलेली दोन वाक्यं
पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

पाव आला, वाटीत तेल.
नायनांनी काटा-चाकू शेजारी शेजारी निजवले,
पाव हातानं तोडला,
ताटलीतली सगळी लाली पुसून घेतली,
अर्धा तुकडा माझ्यासमोर धरला.
"रंग कच्चा आहे. चव बरी आहे."

मी बिलावर कार्ड ठेवलं; आकडा बडीशेपेखाली.
ते देविदासला बाजूला घेऊन
डागाळलेला नॅपकिन दाखवत होते:
"गरम पाण्यात टाकू नको, बसून जाईल.
आधी थंड, मीठ घालून. अर्धा तास. मग साबण."
"सरे, मामा," तो म्हणाला,
आणि कोटाच्या खिशातनं पेन काढून
तळहातावर लिहून घेतलं.